गाडी माथ्यापर्यंत जाते

प्रज्ञा,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्या आईचं परतीचं विमान येत्या शुक्रवारी आहे. काकू आमच्याकडेच आहेत, ईराच्या खोलीत, आणि गेला आठवडाभर त्यांनी एकच धोशा लावला होता. "शुभा, जायच्या आधी तो डोंगर तेवढा दाखव मला. माझी पोरगी ज्याच्यापायी वेडी झाली होती तो." मी रोज काहीतरी कारण काढत होते. आज शिफ्ट आहे, उद्या पाऊस आहे, टायर बघायला टाकायचेत. कारणं काढण्यात मी किती पटाईत आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

खरं कारण फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. त्यातली तू आता नाहीस. म्हणून मग तुलाच लिहायला बसले.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या क्रेगीबर्नच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. तुझी डिग्री, तुझी नोकरी, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जो उठला तो आपल्या आईवडलांना तू बर्फ कसा दाखवलास तेच सांगत होता. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उभी राहिले, "सगळ्यांनी जेवून जा" म्हणाले आणि खाली बसले. वीस वर्षं तुझ्याशी दिवसरात्र वाद घालणारी मी, आणि ऐनवेळी तोंडातून निघालं काय, तर जेवणाचं निमंत्रण. तू असतीस तर खुर्चीवरून पडेस्तोवर हसली असतीस.

इथे आपल्या लोकांत ती रीतच पडून गेली आहे ना. भारतातून आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले की त्यांना समुद्र दाखवायचा, कांगारू दाखवायचे, आणि हिवाळा असला तर बर्फ. बाकी सगळं राहिलं तरी चालतं, पण बर्फ दाखवला नाही तर पोराने परदेशात जाऊन केलं काय? आणि ज्यांना ज्यांना बर्फ दाखवायचा असे ते तुला फोन करायचे. तुझ्या गॅरेजमधल्या निळ्या टबात पाच नंबरपासून अकरा नंबरपर्यंत गमबूट होते, सगळे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून गोळा केलेले. हातमोजे, कानटोप्या, मुलांच्या दोन प्लास्टिकच्या घसरगाड्या. आणि काला खट्टाची बाटली.

माझ्या सासूबाई बर्फात उतरायला तयार नव्हत्या. साडीवर बूट कसे घालायचे म्हणून गाडीतच बसून राहिल्या होत्या. तू दार उघडून खाली उकिडवी बसलीस आणि त्यांच्या पायात बूट चढवायला लागलीस. "साडी खोचा वर, काकू. लाजता काहून? इथे कोण ओळखून राहिलं तुम्हाला?" पाच मिनिटांत त्याच सासूबाई माझ्या पाठीत बर्फाचे गोळे मारत होत्या, आणि त्यात नुसती मजा नव्हती, बराच जुना हिशेबही होता असं मला अजून वाटतं. मग तू फांदीवरचा स्वच्छ बर्फ स्टीलच्या पेल्यात दाबून भरलास, काडी खोचलीस आणि वरून काला खट्टा ओतलास. माझे सासरे, ज्यांनी दहा वर्षं साखरेला हात लावला नव्हता, त्यांनी दोन गोळे खाल्ले. जांभळ्या ओठांचा तो फोटो त्यांनी ठाण्याच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवला.

पण आपण दोघी पहिल्यांदा गेलो होतो ते आठवतं का? अॅडलेडला मॉसन लेक्सच्या त्या भाड्याच्या घरात आपण सहा जणी राहायचो. तिथे उन्हाळ्यात पत्रा तापला की तू म्हणायचीस, "ह्या देशात बर्फ पडतो म्हणे, बाप्पा. कुठे पडतो ते एकदा पाहायलाच पाहिजे." नोकरी मेलबर्नला लागली आणि पहिल्याच हिवाळ्यात तू जुनी हॅचबॅक घेऊन दारात हजर. नकाशात शहराला सगळ्यात जवळचा बर्फाचा डोंगर बघितलास, माउंट डोना बुआंग, आणि निघालो. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात जीन्स, डब्यात साबुदाण्याची खिचडी. अर्ध्या तासात पाय बधिर झाले. परत आलो तर पुढच्या काचेवर बर्फाचा थर. लॅबमध्ये काम करणारी, फिजिक्स शिकलेली मी, थर्मासमधलं चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी त्या काचेवर ओतलं. तडकन आवाज झाला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

तुझी गाडी होती. घेऊन महिना झाला नव्हता. तू काचेकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि हसायलाच लागलीस. घरी येईपर्यंत दर दहा मिनिटांनी "फिजिक्स" एवढंच म्हणायचीस आणि परत हसायचीस. पुढे कितीतरी वर्षं, मी कुठल्याही गोष्टीत जास्त शहाणपणा केला की तू हळूच तेवढा एक शब्द बोलायचीस.

आपला मोठा वाद मात्र पुढचा. माझं म्हणणं सरळ होतं. हिवाळ्यात एकदा जायचं, बर्फात खेळायचं, पायथ्याच्या वारबर्टनला उतरून गरम चिप्स खायच्या आणि घरी यायचं. बर्फ नसताना तिथे आहे काय? झाडं. झाडं तर आमच्या रस्त्यावर पण आहेत. दुरून डोंगर साजरे, हे आपल्या पूर्वजांनी काही उगाच म्हटलेलं नाही. तू चिडायचीस. "डोंगर काय लग्नातला बँडवाला आहे का, सीझनपुरता बोलवायला? वर्षातून चारदा जायचं. पावणा म्हणून नाही, घरचं माणूस म्हणून." मी उंटावरून शेळ्या हाकत राहिले आणि तू मला दरवेळी गाडीत घालून नेत राहिलीस.

जानेवारीत क्रेगीबर्नला एक्केचाळीस तापमान, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तू फोन करून म्हणतेस, "दुपारी ट्यूबिंगला जाऊ." वारबर्टनला यारा नदीत ट्यूबमध्ये बसून वाहत जायचं, एवढाच तो खेळ. माझी ट्यूब एका आडव्या झाडाखाली अडकली. मी तिथे पाय वर करून बसलेली, आणि तू पुढे वाहत जाताना ओरडते आहेस, "फांदीला धर आणि ढकल! फिजिक्स!" नंतर तशाच ओल्या कपड्यांनी आपण वर गेलो. वर वेगळाच देश होता. हवा गार, आणि ज्या झाडांना मी हिवाळ्यात फक्त पांढरं पाहिलं होतं त्यांची साल सोललेली, आतून तांबूस, हिरवट, राखाडी असे पट्टे निघालेले. गवतात नखाएवढी पांढरी फुलं. तू गुडघ्यांवर बसून ती मला एकेक करून दाखवलीस. "बर्फाखाली हे सगळं दबलेलं असते, शुभे. तू वरचं पांढरं पाहून घरी जाऊन राहिली." मी माशा हाकलत होते. मी म्हटलं, चांगली आहेत, आता चल. खरं तर मला ती फार आवडली होती. तुला सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस ना.

वसंतात गेलो तेव्हा रस्ताभर पिवळ्या फुलांनी लगडलेली वाटलची झाडं होती आणि ओढ्याजवळ एवढा चिखल की माझा एक बूट तिथेच रुतून राहिला. दाट झाडीत एक लायरबर्ड कोंबडीसारखा पाला उकरत होता. तो आपल्या पायांशी आला तरी त्याला आपली पर्वा नव्हती. तू तासभर हलली नाहीस. मी घरी आले तर मोज्यात जळू, चांगली फुगलेली. मी अशी किंचाळले की शेजारचा ग्रेग धावत आला. तुला फोन केला तर तू म्हणालीस, "मीठ टाक, आणि तिला सॉरी म्हण, तिचं गाव सोडून आणलं तू तिला."

इथल्या शरदात, म्हणजे एप्रिलात, सायकली. जुन्या रेल्वेच्या वाटेवरून लिलीडेलहून वारबर्टनपर्यंत, चाळीसेक किलोमीटर, आणि मी शेवटचे दहा चालत पूर्ण केले, सायकल हातात धरून. गावातली झाडं लाल-पिवळी झालेली, नदीवर धुकं. गेल्या वर्षी अशाच एप्रिलात आपण माथ्यावरच्या लोखंडी मनोऱ्यावर चढलो होतो. धुक्यामुळे काहीच दिसत नव्हतं. तू म्हणालीस, "रिपोर्ट आला. ओव्हरीचा आहे. पसरला आहे." मी म्हटलं, खाली चल, थंडी आहे. तू म्हणालीस, थांब ना जरा. आपण थांबलो. मी तुझा हात धरला नाही. मला सुचलं नाही. आज वाटतं, त्या धुक्यात कुणाला दिसणार होतं, धरायचा होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, दोन केमोंच्या मधल्या आठवड्यात, आपण दोघीच गेलो. कुणाचे आईवडील नाहीत, टब नाही. तुझ्या डोक्यावर केस नव्हते आणि तू दोन टोप्या घातल्या होत्यास. मुलांच्या घसरगाडीवर बसून तू उतारावरून अकरा वेळा खाली गेलीस, आणि मी अकरा वेळा ती दोरीने ओढत वर आणली. खाली रांगेत उभ्या एका छोट्या मुलाने तुला "टर्न, प्लीज" म्हटलं तर तू त्याला "वन मोर, मेट" म्हणालीस. इतकी निर्लज्ज आणि इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. तो दिवस तू मला दिलास, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती.

एवढे सगळ्यांचे आईवडील तू वर नेलेस, तुझी आई मात्र कधी आली नव्हती. "तिला विमानाची भीती वाटते, बाप्पा. नागपूरहून मुंबईला पण ट्रेननेच जाते ती." दर दिवाळीला बोलवायचीस, दर दिवाळीला काकू म्हणायच्या, पुढच्या वर्षी पाहू. शेवटी ह्या फेब्रुवारीत त्या आल्या, एकट्या, दोन विमानं बदलून, कारण तेव्हा पुढच्या वर्षाचं बोलणं संपलं होतं. विमानतळावर व्हीलचेअरवर काकू नव्हत्या, तू होतीस. त्या तुझ्याकडे धावत आल्या. सत्तरीतल्या निवृत्त शाळाबाईंना मी तसं धावताना पाहिलं.

आणि मग जुलै आला. शहरातून डोना पांढरी दिसायला लागली, आणि तू एक दिवस मला पलंगाजवळ बसवून म्हणालीस, "शुभा, आईला बर्फ दाखवायचा आहे."

मी म्हटलं, दाखवू की, तू जरा बरी हो. तू म्हणालीस, "मी बरी नाही होणार. मी उतरणार पण नाही. गाडीतच बसीन. ती बर्फात कशी चालते ते काचेतून पाहीन, बस."

घरी येणारी नर्स होती ना, हेलन. तिला मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती हात धूत होती. म्हणाली, "इफ शी वॉन्ट्स टू गो, टेक हर. ऑक्सिजन बरोबर ठेव, औषधं ठेव. इट्स अ कार राइड, लव्ह." एवढंच. मी बाहेर आले, आणि काकू मटार सोलत बसल्या होत्या त्यांच्याजवळ जाऊन बसले. आणि म्हटलं, काकू, प्रज्ञा डोंगरावर जायचा हट्ट धरून बसली आहे, तुम्हीच समजवा. गाडी खालीच राहते. वर तासभर चढून जावं लागतं, बर्फातून, निसरड्यावरून. तिला कसं झेपेल?

काकूंना इंग्रजी फारसं येत नाही, आणि इथला रस्ता तर त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. औषधं कुठली, अपॉइंटमेंट कधी, सगळं मीच ठरवत होते. तू मला "रोस्टर बाई" म्हणायचीस ते काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी काकू तुझ्या खोलीत आल्या. मी दाराशी उभी होते. काकू म्हणाल्या, "हट्ट नको करू, पोरी. तासभर चढायचं म्हणते शुभा. तुला पलंगावरून उतरता येऊन नाही राहिलं. लहान असताना करत होती तसाच हट्ट आहे हा."

तू माझ्याकडे पाहिलंस. प्रज्ञा, तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. गाडी माथ्यापर्यंत जाते, आई. पाच शब्दही नव्हते. तू ते बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे खोटी ठरले असते आणि दुसऱ्या दिवशी आपण तिघी वर गेलो असतो. तू माझ्याकडे पाहिलंस, मग आईकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं. राहू दे."

माझी अब्रू राखलीस तू. तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, सुटले. रात्री घरी जाऊन मी व्यवस्थित झोपले, हेही तुला सांगते.

नंतर आठवडाभर तू माझ्याशी कमी बोललीस. मी समजले, तुझ्यात ताकद नाही म्हणून. एकदाच, मी तुला पाणी पाजत होते तेव्हा, तू विचारलंस, "ठरवणारी तू कोण गं?" आवाज चढवून नाही, नुसतं विचारलंस. मी म्हटलं, जास्त बोलू नकोस, दम लागेल. हे आपलं शेवटचं भांडण. त्यातही शेवटचा शब्द मीच घेतला.

ऑगस्टच्या अखेरीस तुला हॉस्पिटलमध्ये हलवलं. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, काकूंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून मी त्यांना बळेच खाली कँटीनमध्ये नेलं. एक सँडविच, दोन चहा. वीस मिनिटं. परत आलो तर पडदा ओढलेला होता. नर्स चांगली होती, म्हणाली, काही माणसं जवळची माणसं खोलीबाहेर गेली की जातात, त्यांना तसं सोपं जातं. काकू मला विचारत होत्या, "काय म्हणून राहिली ती?" मी मराठीत सांगितलं. काकूंनी मान हलवली. काही पटल्यासारखी नाही, नुसती हलवली.

तर, सोमवारी संध्याकाळी ईरा फोन घेऊन आली. "मम, लुक! डोनावर स्नो पडलाय. सप्टेंबरमध्ये! इट विल मेल्ट बाय थर्सडे. टेक हर टुमॉरो." आणि काकू समोरच बसलेल्या. फोनवरचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. मला आता कारण उरलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी काकू तयार होऊन बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, वर तुझं जाकीट. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. पायात तू घेऊन दिलेले चालायचे बूट, नाड्या घट्ट आवळलेल्या. पिशवीत पोळीभाजीचे रोल, पाण्याची बाटली, आणि माझ्या नवऱ्याची छत्री, काठी म्हणून. "एक तास म्हणाली होती ना तू. हळूहळू चढीन. बसत बसत जाऊ." प्रज्ञा, मी गाडी सुरू केली. दोन तासांचा रस्ता. द्राक्षांचे मळे आले, वारबर्टन आलं, पूल आला, वळणं सुरू झाली, उंच उंच झाडं आली. प्रत्येक वळणावर मी म्हणत होते, आता सांगते. काकू काचेतून वर बघत होत्या. "किती उंच आहेत गं झाडं. हे पाहायला येत होती का ती?" मी हो म्हटलं. मग रस्त्याच्या कडेला बर्फ दिसायला लागला, आधी तुकड्या-तुकड्यांनी, मग सलग, आणि मग गाडी वाहनतळावर लागली.

मी इंजिन बंद केलं. समोर पंचवीस पावलांवर झाडं, बाकं, सगळं पांढरं. एक बाई व्हीलचेअरवर बसवलेल्या म्हातारीला चहा पाजत होती. मुलं घसरत होती.

काकूंनी सीटबेल्ट सोडला. छत्री हातात घेतली. "आता चढायचं कुठून?"

मी म्हटलं, "काकू, हाच माथा आहे."

त्यांना आधी कळलं नाही. त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. बराच वेळ त्या व्हीलचेअरकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे गाडी इथपर्यंत येते."

"हो."

"हिवाळ्यात पण?"

"रस्ता उघडा असला की येते. जुलैत उघडा होता. मी तुमच्याशी खोटं बोलले, काकू."

गाडीत ऊब होती आणि काचा धुरकटत चालल्या होत्या. काकूंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "तिला माहीत होतं?"

"हो."

"अन् तरी बोलली नाही."

"नाही."

"मी तिला हट्टी म्हणाले त्या दिवशी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तिच्या तोंडावर म्हणाले. लहानपणासारखाच हट्ट करते म्हणाले."

मी रडायला लागले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मला थांबवलंही नाही. माझं रडून होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग चाळीस वर्षं मुलांना विचारलं असेल तसं विचारलं, "काहून केलंस तू असं?"

उत्तरं माझ्याकडे तयार होती. इन्फेक्शन, थंडी, वळणं, ट्रॅफिक, ऑक्सिजनची नळी. हेलनशी बोलल्यापासून इतके दिवस मी स्वतःला तीच सांगत होते. पण त्या गाडीत बसून ती मला बोलता येईनात. तुला जे कधी सांगितलं नाही, मलाही धड ठाऊक नव्हतं, ते मी तुझ्या आईला सांगितलं. म्हटलं, काकू, मला भीती वाटली होती. ती माझ्या गाडीतच गेली तर? अशा वळणावर, मी गाडी चालवत असताना, तुमच्यासमोर. मी काय करणार होते? तिची काळजी नव्हती ती. मला माझ्या हातून ते व्हायला नको होतं.

काकूंनी दार उघडलं. बाहेरची थंडी आत आली. एक पाय बर्फात टाकून त्या थांबल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेली असती तर गेली असती, शुभा. आपण दोघी तिच्याजवळ असतो."